मानशीची वही

मी चोडणच्या गावकारीचा लिहिणारा.
खाजणात पाणी किती आलं, मानशीतून किती सोडलं,
डाव्या पानावर.
उजव्या पानावर फोर,
लिस्बनात बसलेल्या राजाचा.
शाई एकच. दिव्याच्या काजळीची.

राजाला कुणी पाहिलं नव्हतं.
नाण्यावर त्याचं तोंड होतं, तेही एका अंगानं,
म्हणजे दुसरा डोळा आहे की नाही
हे बाप्तिस्त मानसकार दर वर्षी विचारायचा.
आम्ही हसायचो आणि भरायचो.
खरंच सांगतो, भरायचो.
माझ्याआधीच्या तीन हातांची अक्षरं आहेत वहीत,
ओळीखाली ओळ: भरले. भरले. भरले.

मग भाद्रपदातली ती अवस.
कुर्ल्यांनी पोखरलेला बांध
आधी घामासारखा पाझरला,
मग मध्यरात्री बसला,
दमलेला माणूस उंबऱ्यावर बसतो तसा, न सांगता.
खारं पाणी पोटरीला आलेल्या कोरगुटात.
इगर्जीची घंटा वाजली.
ज्यांचे देव कधीच नदीपलीकडे नेलेले
तेही त्याच घंटेला उठले.
चिखल, पेंढा, चिरे, कुणाची खाट, कुणाची होडी.
माकलीननं घराचं दार बिजागरीसकट उपटून आणलं,
भगदाडात उभं केलं,
आणि त्याला पाठ लावून राहिली ओहोटीपर्यंत.
दार तिथंच राहिलं. त्याच्यावर बांध चढला.
तिच्या घराला अजून चटई आहे.

पावसाळा सरल्यावर मोजणीदार आला, साखळी घेऊन.
फिरला, वाकला, मोजलं.
म्हणाला, बांध दहा हात बाहेर सरकलाय.
म्हणजे राजाची जमीन वाढली.
वाढल्या जमिनीचा फोर, चाळीस अश्रफी, वाढला.
आणि कुजलेलं भात?
त्याचा रकाना नव्हता त्याच्याकडे.

चाळीस काही फार नव्हे.
एका फेस्ताच्या दारूकामात तेवढ्या उडतात.
म्हणून आम्ही अर्ज केला, भांडलो नाही.
मीच लिहिला, सुवाच्य, पायांवर डोकं ठेवून.
तारू गेलं.
आम्ही वाढीव भरत राहिलो.
देवकू भंडाऱ्यानं त्यासाठी माड विकले,
बाप्तिस्तनं कानातलं.

एकोणीस महिन्यांनी उत्तर आलं.
लाखेचा शिक्का एवढा की फोडताना हात थरथरला.
आत दोन ओळी.
अर्ज विचाराधीन आहे.
तत्पूर्वी कळवावे: खाजण म्हणजे काय?

मी वाचलं. कुणी बोललं नाही.
मी परत वाचलं, मला वाटलं माझंच चुकतंय.
माकलीन म्हणाली,
आणखी एकदा वाच रे, मला त्या ओळीचं तोंड बघू दे.

दीडशे वर्षं ज्याचा फोर घेतला
ते काय आहे, हे विचारत होता तो.
आमच्याच पैशाच्या शाईनं.

मी उत्तर लिहायला बसलो. तीन रात्री.
खाजण म्हणजे नदीची जमीन, लिहिलं, खोडलं.
म्हणजे गोडं आणि खारं यांच्यामधला करार, खोडलं.
चौथ्या रात्री लिहिलं:
दार. पाच हात उंच, दोन रुंद, फणसाचं.
त्याला लागलेली एका बाईची पाठ.
ते मात्र खोडवेना. पाठवलंही नाही.

त्या रविवारी गावकार मानशीवर जमले.
घोषणा कुणी दिली नाही,
आमच्यात ती रीत नव्हती.
बाप्तिस्तनं फळ्या चाचपल्या, मेण लावलं,
आणि खिशातलं नाणं काढून
मला दाखवलं, पालथं करून.
इकडच्या बाजूलाही डोळा नाही, म्हणाला.

पुढे शिपाई आले. ते दुसऱ्या वहीत आहे,
आणि ती वही माझ्याकडे ठेवली नाही.

ही माझ्याकडे आहे. शेवटचं पान:
भरती साडेतीन हात. मानस बंद.
बांध कोरडा, दाराजवळ थोडा ओला.
शेवटे चांगले सापडले.
उजवीकडे काही लिहिलेलं नाही.